प्रकल्प नोंदी: फिरती दोरी फोनच्या व्हिडिओत दिसायला हवी

३ नोव्हेंबर

भाची दोरीउड्यांमधला ‘डबल’ शिकतेय. एका उडीत दोरी पायांखालून दोनदा जायला हवी. पहिला फेरा नीट जातो, दुसऱ्याला अडकते. दोरी टाचेला लागते की चवड्याला, मनगट उशिरा फिरतं की उडीच कमी पडते, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून फोनवर व्हिडिओ काढला. हॉलमध्ये, ट्यूबलाइटखाली, साध्या ऑटो मोडवर.

व्हिडिओत मुलगी आहे, मुठी आहेत, दोरी मात्र नाही. फ्रेम थांबवून पाहिली तर मुठींच्या जागी करडे फराटे आणि दोरीच्या जागी कोरी भिंत. भाचीचा निकाल लगेच लागला: “मामा, तुझा फोन जुना झालाय.” नवा फोन घेण्याआधी हिशेब करून बघायला पैसे पडत नाहीत.

आधी एवढं तपासलं की हा धूसरपणा नेमका कुठला. फोकस चुकला असता तर मागचं स्थिर दारसुद्धा मऊ दिसलं असतं. दाराची कडी स्वच्छ आहे. हात हलला असता तर सगळी फ्रेम एकाच दिशेने ओढली गेली असती; तसंही नाही. फक्त हलणाऱ्या गोष्टी पुसल्या गेल्यात, आणि त्याही आपापल्या हालचालीच्या दिशेने. म्हणजे शटरचाच प्रश्न.

४ नोव्हेंबर

कागदावरचा हिशेब. शटर स्पीड म्हणजे एक फ्रेम किती वेळ प्रकाश गोळा करते. त्या वेळात वस्तू जितकी सरकली तितका फराटा.

डबल मारताना दोरी सेकंदाला साधारण ४ फेरे घेते असं धरलं. मुठीपासून जमिनीपर्यंतचं अंतर १ मीटर धरलं, तर दोरीच्या खालच्या टोकाचा वेग २५ मीटर प्रतिसेकंद होतो. म्हणजे ताशी ९० किलोमीटर. हा आकडा पाहिल्यावर फोनबद्दल थोडी सहानुभूती वाटायला लागली.

शटर १/६० असेल तर एका फ्रेममध्ये दोरी जवळजवळ ४२ सेंटिमीटर सरकते. दोरीची जाडी ५ मिलिमीटर. म्हणजे त्या फराट्यातल्या कुठल्याही एका बिंदूवर दोरी प्रकाश गोळा होण्याच्या एकूण वेळेपैकी फक्त १.२ टक्के वेळ असते. उरलेला ९८.८ टक्के वेळ तिथे भिंतच असते. मग फोन भिंतच दाखवणार! दोरी पुसट होत नाही, ती सरासरीत विरघळते.

हेच इतर शटरना:

१/२४० ला १०.४ सेंटिमीटर, वाटा ५ टक्के.
१/१००० ला अडीच सेंटिमीटर, वाटा २० टक्के.
१/२००० ला सव्वा सेंटिमीटर, वाटा ४० टक्के.
१/५००० ला ५ मिलिमीटर, म्हणजे दोरी तिच्या खऱ्या जाडीच्या आसपास.

पायांचं गणित एकदम वेगळं. २० सेंटिमीटरची उडी मारायला जमीन सोडतानाचा वेग सुमारे २ मीटर प्रतिसेकंद लागतो. १/५०० ला पाय ४ मिलिमीटर सरकतील. बुटांची नाडीसुद्धा दिसेल. ‘वेगवान हालचालीला अमुक शटर’ असे तयार तक्ते सापडतात, पण एकाच चौकटीतल्या बुटाला आणि दोरीला एकच आकडा लागू पडत नाही. फराटा भागिले वस्तूची जाडी, हे गुणोत्तर बघायचं.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. लांब उभं राहून काढलं की धूसरपणा कमी होतो असं म्हणतात. लांबून फराटा लहान दिसतो खरा, पण दोरीही तितकीच बारीक दिसते. गुणोत्तर तेच राहतं. छोट्या स्क्रीनवर फसायला होतं, एवढंच.

५ नोव्हेंबर

फोनच्या हातात काय काय आहे? मोठ्या कॅमेऱ्यात छिद्र, म्हणजे ॲपर्चर, कमीजास्त करता येतं. बहुतेक फोनमध्ये ते कायमचं ठरलेलं असतं. राहिलं शटर, आयएसओ (मिळालेला प्रकाश फोन किती वाढवून दाखवतो तो आकडा) आणि समोरचा प्रकाश. शटर निम्म्यावर आणलं की प्रकाश निम्मा. १/६० वरून १/१००० वर जायचं म्हणजे सोळा-सतरा पट प्रकाश कमी. १/२००० वर जायचं तर तेहतीस पट.

ऑटो मोड मुद्दाम वाईट वागतो असं नाही. घरातल्या प्रकाशात त्याला चित्र उजळ आणि बिनदाण्यांचं द्यायचं असतं, म्हणून तो शटर जमेल तितकं लांबवतो. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमला १/३० सेकंदाच्या वर जागाच नसते, तिथपर्यंत तो जाऊ शकतो. आयफोनमध्ये तर ‘ऑटो एफपीएस’ नावाची सेटिंग आहे. ती चालू असली की अंधारात फोन ३० वरून २४ फ्रेमवर उतरतो. ती बंद करायची.

आयफोनच्या मूळ कॅमेरा ॲपमध्ये व्हिडिओसाठी शटरचा आकडा हाताने ठरवता येत नाही. सॅमसंगच्या वरच्या फोनमध्ये ‘प्रो व्हिडिओ’ मोड असतो, त्यात येतो. बाकी फोनना वेगळं ॲप लागतं. शटर आणि आयएसओ बाहेरच्या ॲप्सच्या हाती देण्याची सोय आयओएस ८ आणि अँड्रॉइड ५ या दोघांतही २०१४ सालीच आली, पण अँड्रॉइडवर ती प्रत्यक्षात मिळते की नाही हे फोन बनवणाऱ्यावर असतं. मी ब्लॅकमॅजिक कॅमेरा घेतलं. फुकट आहे आणि आयफोन-अँड्रॉइड दोन्हींवर चालतं. त्यात शटर अंशांत दिसलं तर बावरायचं नाही. ६० फ्रेमला १८० अंश म्हणजे १/१२०, आणि १/१००० म्हणजे २१.६ अंश. सेटिंगमध्ये अंश बदलून सेकंद करता येतात.

६ नोव्हेंबर

हॉलमध्येच १/१०००, ६० फ्रेम, आयएसओ ३२००. दोरी पहिल्यांदा दिसली! दिसली म्हणजे फिकट तपकिरी पट्टा, तोही मध्ये मध्ये तुटलेला. कारण आवाज कमी करणारी प्रक्रिया. इथे आवाज म्हणजे चित्रातले दाणे. आयएसओ चढवला की दाणे येतात, फोन ते घासून काढतो, आणि घासताना बारीक, फिकट रेघ त्याला दाण्यांसारखीच वाटते. शेजारच्या फ्रेममधली माहिती मिसळून चित्र गुळगुळीत केलं जात असेल तर हलणाऱ्या हातामागे भुतासारखी सावलीही उरते. तिला धूसरपणा समजून शटर आणखी कमी करत गेलं की प्रकाश घटतो, आयएसओ चढतो, घासणं वाढतं, आणि चित्र आणखी बिघडतं. ॲपमध्ये ही प्रक्रिया कमी करायची सोय असेल तर कमीच ठेवावी. दाणे नंतर संगणकावर काढता येतात. फराट्यात विरलेली दोरी परत आणता येत नाही.

दुसरा उपद्रव पट्ट्यांचा. फ्रेमवर आडव्या काळपट लाटा, वरून खाली सरकणाऱ्या. घरातली वीज देशाप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झची असते, आणि तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० किंवा १२० वेळा, उजळतात-मंदावतात. शटर १/१०० असेल तर (६० हर्ट्झला १/१२०) प्रत्येक फ्रेमला पूर्ण एक चढ-उतार मिळतो आणि काही कळत नाही. १/१००० ला सेन्सरच्या काही ओळींच्या वाट्याला उजेड येतो, काहींच्या वाट्याला अंधार.

७ नोव्हेंबर

पट्ट्यांचा एक उपयोग सापडला. फोनचा सेन्सर फ्रेम एका क्षणात टिपत नाही, ओळ ओळ करून वाचतो. याला रोलिंग शटर म्हणतात. ५० हर्ट्झच्या दिव्यात दोन काळ्या पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे १/१०० सेकंद, म्हणजे १० मिलिसेकंद. पांढऱ्या भिंतीचा छोटा व्हिडिओ १/२००० ला काढून पट्ट्या मोजल्या. ६० फ्रेमला एका चौकटीत साधारण दीड पट्टी बसते. म्हणजे माझ्या फोनला पूर्ण फ्रेम वाचायला सुमारे १५ मिलिसेकंद लागतात.

तेवढ्या वेळात दोरी २२ अंश फिरते. म्हणून दोरीचा कमान-आकार एका बाजूला झुकलेला, जणू कोणीतरी ओढलेला दिसत होता. शटर १/८००० केलं तरी हे वाकडेपण जाणार नाही, कारण शटर आणि वाचनाचा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचन जलद व्हायला हवं असेल तर जास्त फ्रेमचा मोड. २४० फ्रेमला एका फ्रेमचं वाचन १/२४० सेकंदात उरकावंच लागतं, म्हणजे दोरी फार तर ६ अंश फिरेल. त्यासाठी फोन सहसा रिझोल्यूशन कमी करतो. चालेल.

‘मग सरळ स्लो-मो लाव की’ असं भाचीच्या आईचं, म्हणजे ताईचं मत. लावून पाहिलं. फ्रेम भरपूर मिळाल्या, दोरीच्या एका फेऱ्याला ६०. पण ट्यूबलाइटखाली फोनने प्रत्येक फ्रेमला मिळेल तितका वेळ, १/२४० च्या आसपास, वापरला असणार, कारण दोरी पुन्हा गायब आणि वर सगळा व्हिडिओ लुकलुकतोय. ४ तारखेच्या यादीतला ५ टक्क्यांचा आकडा तोच. स्लो-मोमुळे शटर एका मर्यादेच्या वर जाऊ शकत नाही, एवढाच त्याचा आधार. शिवाय बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये १२०-२४० च्या खास मोडमध्ये बाहेरच्या ॲपला शटर हाताने ठरवू देत नाहीत. मग एकच मार्ग उरतो: इतका प्रकाश द्यायचा की फोनने आपणहूनच शटर आखूड करावं.

८ नोव्हेंबर

प्रकाश. टेबलावरचा एलईडी दिवा २ मीटरवरून १ मीटरवर आणला की चौपट उजेड, म्हणजे आयएसओ ३२०० चं काम ८०० मध्ये. पण दिवा इतका जवळ आला की उडी मारणारीच्या अंगावर पडायची भीती, आणि फिरणारी दोरी दिव्याला लागायची त्याहून जास्त. हा रस्ता सोडला.

लखलखाट करणाऱ्या दिव्याचाही विचार झाला. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेतल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकापासून अशाच क्षणभराच्या झगमगाटाने वेगवान गोष्टी गोठवल्या; त्यात वेळ ठरवायचा तो दिवा, कॅमेऱ्याचं शटर नव्हे. फोनच्या रोलिंग शटरपुढे ही युक्ती चालत नाही. झगमगाट होतो तेव्हा सगळ्या ओळी उघड्या नसतात, आणि फ्रेमचा एकच पट्टा उजळतो.

उद्या गच्ची.

९ नोव्हेंबर

ऊन. इथे सगळं सोपं होतं. भर उन्हासाठी फोटोग्राफीतला जुना ठोकताळा आहे: एफ/१६ ला आयएसओ १०० वर शटर १/१००. एफपुढचा आकडा छिद्राचा; तो जितका लहान तितकं छिद्र मोठं. फोनच्या मुख्य लेन्सचं छिद्र एफ/१.८ धरलं तर त्याहून जवळजवळ ७९ पट प्रकाश आत येतो, म्हणजे तेच शटर १/८००० च्या जवळ जातं. उन्हात ऑटो मोडसुद्धा दोरी पकडतो. ॲपच्या ऑटोवर ठेवून शटरचा आकडा बघितला तर तो १/४००० च्या पलीकडे नाचत होता. ज्यांना फक्त खेळाचा नीट व्हिडिओ हवा आहे त्यांनी वरचं सगळं सोडून उन्हात जावं. खरंच.

मग आम्हाला सावलीत का जावं लागलं? दुपारच्या उन्हात दोरीची सावली गच्चीच्या फरशीवर पडते आणि नेमकं बुटांजवळ दोरी कुठली, सावली कुठली, कळत नाही. शिवाय मुलगी घामाने निथळली. भिंतीच्या आडोशाला, वर आकाश मोकळं असलेल्या सावलीत गेलो. तिथे प्रकाश उन्हाच्या आठव्या भागाइतका. आयएसओ १०० ला १/१०००, २०० ला १/२०००. दाणे नगण्य, विजेच्या दिव्याची लुकलुक नाही.

मुख्य लेन्सच वापरली. टेलिफोटोने जवळ आणायचा मोह होतो, पण तिचं छिद्र सहसा लहान आणि सेन्सरही लहान असतो. उजेड कमी झाला की काही फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करतात.

ट्रायपॉडवर फोन, स्थिरीकरण बंद. ते हाताची थरथर घालवतं. दोरीचा वेग त्याला कमी करता येत नाही. उलट डिजिटल स्थिरीकरण कडा कापतं आणि ट्रायपॉडवर उगाच चौकट हलवत राहतं. फोकस बुटांवर लॉक.

१० नोव्हेंबर

या कामातली सगळ्यात कामाची गोष्ट कॅमेऱ्याबाहेर निघाली.

काल दोरी काळी होती आणि मागे पांढरी भिंत. १/१००० ला दोरी दिसत होती, पण शोधावी लागत होती. आज पांढरी दोरी आणि मागे गडद तपकिरी दार. त्याच शटरला दोरी टक्क उठून दिसली. कागदावर मांडलं तेव्हा कारण कळलं. समजा पांढरी गोष्ट ८० भाग प्रकाश परतवते, गडद दार १० आणि काळी दोरी ५. फराट्यात दोरीचा वाटा २० टक्के. काळी दोरी पांढऱ्या भिंतीपुढे: ८० चे ६५ झाले. डोळा म्हणतो, भिंतीवर थोडा डाग असेल. पांढरी दोरी गडद दारापुढे: १० चे २४ झाले, म्हणजे दुपटीहून जास्त. फराटा तितकाच, पण एक नजरेतून सुटतो आणि दुसरा सुटत नाही.

छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे बारा कॅमेरे ओळीत लावून धावता घोडा टिपला तेव्हा मागे पांढरा पडदा होता आणि घोडा गडद. घोड्याचा पाय जाड असतो, फराट्यात विरघळत नाही, म्हणून ते जमलं. बारीक वस्तूला उलटा नियम: वस्तू उजळ, मागचं गडद.

पण मागचं गडद केलं की ऑटो मोड चित्र उजळायला बघतो आणि शटर परत लांबवतो. म्हणून शटर हाताने बांधलेलं हवं. ॲप नसेल तर जुनी युक्ती: फोन आधी उजळ जागेकडे, आकाशाकडे किंवा खिडकीकडे धरायचा, स्क्रीनवर बोट दाबून एक्सपोजर लॉक करायचं, मग चौकट लावायची. चित्र काळपट येतं, शटर मात्र आखूड राहतं. आकडा कळत नाही, पण काम भागतं.

१२ नोव्हेंबर

मण्यांची पांढरी दोरी आणली. मण्यांची जाडी एक सेंटिमीटर. १/१००० ला वाटा २० वरून ४० टक्क्यांवर, म्हणजे शटर न बदलता, आयएसओ न चढवता १/२००० चा परिणाम. दोरी जड आहे, किंचित हळू फिरते. त्याचाही थोडा फायदाच. भाचीला ती आवडली नाही. पायावर लागली की झोंबते म्हणे. शूटिंगपुरती वापरायची असं ठरलं.

फोन समोर न ठेवता तिरका, साधारण ४५ अंशांवर ठेवून पाहिला. पायांजवळ दोरी पुढून मागे जाते. समोरून पाहिलं तर ती जवळजवळ कॅमेऱ्याच्या दिशेनेच सरकते आणि फराटा लहान होतो, बाजूने पूर्ण दिसतो, तिरक्याला बाजूच्या सत्तर टक्के. पण समोरून दोरी बुटाच्या पुढे आहे की मागे, तेच कळत नाही. तिरकं बरं.

१३ नोव्हेंबर

२४० फ्रेम, मोकळी सावली, गडद दार, मण्यांची दोरी. हा व्हिडिओ हवा होता तसा आला.

काय दिसलं ते लिहून ठेवतो. पहिल्या फेऱ्याला दोरी बुटांच्या तळव्याखालून चार बोटं जागा ठेवून जाते. मुठी कमरेजवळ, कोपरं अंगाला. दोरी डोक्यावरून पुढे येते तशी कोपरं बाहेर सुटतात आणि मुठी प्रत्येकी वीतभर लांब जातात. मुठी फाकल्या की दोरीचा खालचा वाक वर उचलला जातो. पुढून येणारा मणी उजव्या बुटाच्या टोकाला लागतो, तेव्हा दोन्ही टाचा अजून हवेत आहेत. म्हणजे उडी पुरेशी आहे, मनगटही वेळेवर आहे. दोरी आखूड पडतेय, तीही हात फाकल्यामुळे.

भाचीने तेवढेच क्षण पुन्हा पुन्हा मागे-पुढे करून पाहिले आणि म्हणाली, “मामा, मी असे पंख पसरते?” संध्याकाळी दोन्ही काखेत एकेक रुमाल धरून सराव. रुमाल पडला की उडी बाद.

१५ नोव्हेंबर

तिच्या मैत्रिणींना व्हिडिओ पाठवला तर त्यांच्याकडे दोरी पुन्हा गायब. चॅट ॲप व्हिडिओ दाबून लहान करतं आणि त्यात बारीक, भरभर हलणारी रेघ आधी बळी जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून मूळ फाइल पाठवली, मग ठीक.

दुसरी तक्रार ताईची: १/२००० चा, ६० फ्रेमचा व्हिडिओ साध्या वेगाने बघताना झटके मारतो. बरोबर आहे. एकेक फ्रेम कोरीव असली की डोळ्याला मधली हालचाल जोडायला काही मिळत नाही. चुका शोधायला कोरीव फ्रेम आणि आठवण म्हणून ठेवायला १/१२०, असे दोन वेगळे व्हिडिओ काढायचे. एकात दोन्ही मागणं व्यर्थ.

१८ नोव्हेंबर

डबल लागोपाठ पडू लागलेत. आता ट्रिपल हवाय. सेकंदाला ६ फेरे धरले तर दोरीचा वेग ३८ मीटर प्रतिसेकंदाच्या जवळ. १/२००० ला १.९ सेंटिमीटर फराटा; बारीक दोरीला २६ टक्के, मण्यांच्या दोरीला ५३. पण ट्रिपलला जड दोरी चालणार नाही, त्यामुळे बारीक पांढरी दोरी, तेच दार, शटर १/४०००, आयएसओ ४००. सकाळी नऊच्या आत गच्चीवर.